काकूंचं दीड मिनिट: एका मधल्या भागावरच्या प्रतिक्रियेचं प्रकरण

पार्श्वभूमी

५ फेब्रुवारी २०२१, शुक्रवार. या प्रकरणात माणसं चारच: दोन मित्र, त्यांच्यातल्या एकाची आई आणि त्यांचे व्हिडिओ कापून-जोडून देणारा मी. नावं देत नाही. दोघांना राहत्या जागेवरून नायगावकर आणि भांडुपकर म्हणतो, आईंना काकू. एक-दोन घरगुती तपशील बदलले आहेत. बाकी जसं घडलं तसं, आणि तिघांनाही वाचून दाखवून मगच लिहिलेलं.

दोघं कॉलेजपासूनचे सुपरहिरोवेडे. लॉकडाऊनमध्ये त्यांनी मराठीतून प्रतिक्रिया-व्हिडिओ करायला घेतले. मालिकेचा नवा भाग आला की तो बघताना स्वतःचे चेहरे रेकॉर्ड करायचे, मध्ये थांबवून बोलायचं, शेवटी दहा-पंधरा मिनिटं गप्पा. बघणारे बहुतेक ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे. मालिकेतलं एकही दृश्य ते दाखवत नसत. सुरुवातीला ‘तीन, दोन, एक’ म्हणून टाळी वाजवायचे आणि बघणाऱ्याने आपल्या घरी त्याच क्षणी भाग सुरू करायचा. ही पद्धत माझ्या आग्रहावरून आली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा देतं हे खरं, पण वाजवी म्हणजे किती हे कोर्टात ठरतं. तिथवर जाण्याआधीच व्हिडिओ ठेवायच्या जागेवरची यंत्रणा निकाल लावते, आणि तिला समीक्षा कळत नाही, फक्त जुळणारा आवाज कळतो. त्यापेक्षा चेहरे बरे.

मालिका ‘वांडाव्हिजन’. एकूण नऊ भाग. पहिले दोन १५ जानेवारीला एकत्र आले आणि मग दर शुक्रवारी एक. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्री प्रदर्शित होणारा भाग आपल्याकडे दुपारी दीडला हॉटस्टारवर यायचा. वांडा ही मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांतली जादू करणारी बाई. तिचा यंत्रमानव जोडीदार व्हिजन आधीच्या सिनेमात मेलेला आहे, तरी इथे ती त्याच्यासोबत वेस्टव्ह्यू नावाच्या गावात सुखाने संसार करते आहे, आणि तो संसार आपल्याला जुन्या अमेरिकन घरगुती विनोदी मालिकांसारखा दिसतो. पहिले दोन भाग कृष्णधवल, पन्नास आणि साठच्या दशकांचे. तिसरा रंगीत, सत्तरचा. चौथ्यात कॅमेरा गावाबाहेर येतो आणि कळतं की सरकारी माणसं गावाला वेढा घालून बसली आहेत. पाचवा ऐंशीच्या दशकाचा. तो मालिकेचा बरोबर मध्य: आधी चार भाग, नंतर चार.

हे सगळं शक्य झालं ते लोकलमुळे. मार्च २०२० पासून सामान्य प्रवाशाला गाडी बंद होती. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सगळ्यांना खुली झाली, पण वेळा बांधून: पहाटेपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. तोवर दोघं आपापल्या घरून, फोनवर बोलत रेकॉर्ड करत. एकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि दुसऱ्याचं हसू दोन सेकंद उशिरा. दुपारी दीडचा भाग १२ ते ४ च्या खिडकीत बरोबर बसत होता. भांडुपकर एलबीएस मार्गावरच्या एका दुकानात हिशेब सांभाळतो. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाराच्या ठोक्यानंतरची गाडी पकडून दादरला उतरला. जवळजवळ वर्षभराने दोघं एका पलंगावर बसून काहीतरी बघणार होते. त्या दुपारचा आवाज मोठा का होता, याचं निम्मं कारण मालिकेत नव्हतंच.

आता खोली. नायगावच्या बीडीडी चाळीतली, १६० चौरस फुटांची. एका भिंतीला पलंग, समोर स्टुलावर लॅपटॉप, त्याच्या डोक्यावर मोबाइल. ओटा तिथेच, दारही तिथेच. शुक्रवारी दुपारी दीडला काकूंनी जायचं कुठे? गॅलरीत ऊन. त्यामुळे ओट्याला टेकून, पुढ्यात मेथीची जुडी घेऊन त्या फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना कोणी मुद्दाम बसवलं नव्हतं, आणि त्या व्हिडिओत आहेत असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

नेमकं काय घडलं

भाग साधारण चाळीस मिनिटांचा. त्याच्या नावातच एक टोमणा आहे: ‘ऑन अ व्हेरी स्पेशल एपिसोड...’. अमेरिकन विनोदी मालिका एखाद्या आठवड्यात अचानक गंभीर होऊन मृत्यू, व्यसन असा विषय घेत आणि त्या भागाची जाहिरात ‘अगदी खास भाग’ म्हणून करत. इथे तो गंभीर विषय म्हणजे घरातल्या कुत्र्याचं मरण. वांडाची जुळी मुलं तिला म्हणतात, तुला येतं ना, त्याला परत आण. मेलेल्या नवऱ्यासोबत संसार थाटलेली ती बाई मुलांना समजावते की काही गोष्टी परत फिरवता येत नाहीत. मधल्या जाहिरातीत ‘लागोस’ नावाचे कागदी टॉवेल. लागोस म्हणजे २०१६ च्या सिनेमात वांडाच्या हातून निरपराध माणसं मेली ते शहर. गावाबाहेर हेवर्ड नावाचा अधिकारी एक चित्रण दाखवून सांगतो की वांडाने नऊ दिवसांपूर्वी त्याच्या खात्याच्या मुख्यालयात घुसून व्हिजनचा देह पळवला. घरात नवरा-बायकोचं जोरदार भांडण होतं. श्रेयनामावली वर सरकायला लागते तरी भांडण थांबत नाही.

आणि मग दाराची घंटा वाजते. वांडा म्हणते, ही मी वाजवलेली नाही. दार उघडते तर समोर तिचा भाऊ पिएत्रो. पिएत्रो २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये मेला आहे. शिवाय तेव्हा त्याचं काम ॲरन टेलर-जॉन्सनने केलं होतं, आणि दारात उभा आहे इव्हान पीटर्स. याच पीटर्सने २०१४ पासून फॉक्स कंपनीच्या एक्स-मेन सिनेमांत याच पात्राचा दुसरा अवतार रंगवला होता. ती कंपनी मार्च २०१९ मध्ये डिस्नेने घेतली होती. ज्यांना हा सगळा इतिहास पाठ, त्यांच्यासाठी त्या दारात दोन सिनेविश्वांमधली भिंत कोसळली होती.

नायगावकर पलंगावर उभा राहिला. भांडुपकराने लॅपटॉप थांबवायच्या नादात मोबाइल पाडला. व्हिडिओत ती जागा अजून आहे: सहा-सात सेकंद नुसतं छत आणि दोघांची बोंबाबोंब. शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर थाप मारली.

मोबाइल पुन्हा लावला गेला आणि काकू बोलल्या. हे कच्च्या चित्रणातून उतरवून घेतो आहे.

“कोण आलं?”

“तिचा भाऊ, आई! पण हा तो नाही, हा एक्स-मेनमधला!”

“भाऊ मेला होता ना? मागे तूच सांगितलंस.”

“अगं मेला तो वेगळा. हा दुसऱ्या कंपनीच्या पिक्चरमधला. म्हणजे आता सगळं एक होणार.”

“म्हणजे नट बदलला.”

“काकू, तसं नाही ते,” भांडुपकर हसत म्हणाला.

“अरे बदलतात रे. आमच्या मालिकांत किती वेळा बदलतात. आठ दिवस चुकल्यासारखं होतं, मग सवय होते.” मेथीचं एक पान खुडून झालं. “पण तिला कळलं असणार, हा आपला नाही ते. तरी घरात घेईल ती.”

दोघं गप्प झाले. काकूंनी वर पाहिलं नाही.

“आम्हाला तर चेहरासुद्धा दाखवला नाही कुणी.”

त्या उठल्या आणि गॅस बारीक केला. पुढे बारा सेकंद कुणीच बोलत नाही. मग भांडुपकर घसा खाकरून म्हणतो, “तर मंडळी...”

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काकूंचा धाकटा भाऊ सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने गेला. रुग्णालयातून देह बांधलेल्या पिशवीतच बाहेर आला. घरचे दोनच जण स्मशानात होते आणि काकू त्यांत नव्हत्या. नायगावकराचा हा लाडका मामा. रविवारी दुपारी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागायचा त्या काळात भाच्याला मांडीवर घेऊन बसायचा तो हाच.

अडचण

पावणेतीनला रेकॉर्डिंग संपलं. चारच्या आत गाडीत बसायला हवं, नाहीतर नऊपर्यंत दादरला अडकून पडायचं. भांडुपकर मेमरी कार्ड खिशात घालून निघाला, धीम्या गाडीने कांजूरमार्गला उतरून कार्ड माझ्या हातात दिलं आणि मागच्या गाडीने पुढच्या स्टेशनला गेला. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल तिघांनी एकत्र बसून बोलायला हवं होतं, ती तीन घरांतून, फोनवर, घाईत ठरली.

वर वर पाहता प्रश्न एवढाच होता की व्हिडिओ कधी टाकायचा आणि त्यात काय ठेवायचं. पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले होते आणि आम्ही ते सुटे केले नाहीत. एक, अर्ध्यावर असलेल्या गोष्टीबद्दल किती ठामपणे बोलायचं. दुसरा, काकूंच्या दीड मिनिटाचं काय करायचं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: त्याच रात्री, सगळं जसंच्या तसं. याच्या बाजूने भांडुपकराचं म्हणणं चोख होतं. ऑफिसातली माणसं नऊनंतरच्या गाडीने घरी पोचणार, जेवून अकराला भाग बघणार, आणि साडेअकराला त्यांना कुणाबरोबर तरी ओरडायचं असणार. शनिवारी सकाळपर्यंत ती वाफ निघून जाते. शिवाय स्पॉयलरची भीती अशी होती की, ज्याने भाग पाहिला तो गप्प बसणं अशक्य होतं. आमच्याच एका मित्राला दुपारी तीन वाजता, त्याने काही बघायच्या आधीच, तिघांनी ‘भाऊ आला’ असं कळवलं. बिचाऱ्याला वाटलं गावाहून आला.

दुसरा: त्याच रात्री, पण काकूंचा तुकडा वगळून.

तिसरा: रविवारपर्यंत थांबायचं. भाग पुन्हा एकदा शांतपणे बघायचा, मगच शेवटच्या गप्पा नव्याने रेकॉर्ड करायच्या. हा मी सुचवला होता, पण खरं सांगतो, विचार म्हणून नव्हे; मला शुक्रवारी रात्री जागायचं नव्हतं.

चौथा पर्याय त्या दिवशी कुणालाच सुचला नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो. काकूंना विचारायचं.

दुसऱ्या पर्यायावर तिघांचं पटकन एकमत झालं, आणि या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच एकमत. कारण तिघांची कारणं तीन होती. भांडुपकर म्हणाला, काकू थिअरीच्या मध्ये येतात, ‘नट बदलला’ ऐकून लोक हसतील आणि आपला मुद्दा पडेल. मी म्हणालो, लय तुटते. ओरडा, मग एकदम बारा सेकंद शांतता, हे जोडताना वाईट दिसतं. नायगावकर एवढंच म्हणाला, “आई नको त्यात.” का, ते आम्ही विचारलं नाही. तीन माणसं एकाच निर्णयावर तीन वाटांनी पोचली की निर्णय पक्का वाटतो. खरं तर त्यातल्या दोन वाटा चुकीच्या होत्या, आणि तिसरीवर जो चालत होता त्याने ती उघड केली नव्हती.

काय केलं

रात्री साडेदहाला व्हिडिओ गेला. काकूंचं दीड मिनिट कापलं. छताचे सात सेकंद ठेवले, ते विनोदी दिसत होते. शीर्षक दिलं: ‘एक्स-मेन आले!’ प्रश्नचिन्ह लावायचं का यावर पाच मिनिटं वाद झाला. भांडुपकराच्या मते प्रश्नचिन्ह म्हणजे पळवाट. उद्गारचिन्ह राहिलं.

शेवटच्या गप्पांत दोघांनी तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. हा एक्स-मेनमधलाच पिएत्रो आहे आणि मालिका संपेपर्यंत दुसऱ्या विश्वाचं दार उघडणार. वांडाने व्हिजनचा देह चोरला, हे तर चित्रणातच दिसलं. आणि कुत्रा मेला तो अपघातानेच, ते दृश्य फक्त मुलांचा प्रश्न यावा म्हणून घातलं आहे.

काय झालं

पुढच्या चार शुक्रवारी तिन्ही गोष्टी एकेक करून कोसळल्या.

१२ फेब्रुवारीच्या सहाव्या भागात वांडाने त्या भावाला घरात ठेवून घेतलं होतं. तिला शंका होती, ती त्याला आडून प्रश्न विचारून पारखत होती, पण ठेवलं होतं. काकूंचं वाक्य शब्दशः खरं ठरलं आणि ते कापलेल्या फायलीत पडून होतं. १९ तारखेला कळलं की शेजारीण अ‍ॅग्नेस ही अ‍ॅगाथा हार्कनेस नावाची चेटकीण आहे, आणि कुत्र्याला तिनेच मारलं. २६ तारखेच्या आठव्या भागात दिसलं की वांडा मुख्यालयात गेली, व्हिजनचे सुटे केलेले अवयव पाहिले आणि रिकाम्या हाती परत फिरली. हेवर्डने दाखवलं होतं ते लबाडीचं होतं. ५ मार्चला शेवटचा भाग आला आणि पिएत्रोचं गुपित फुटलं. तो गावातलाच एक सामान्य माणूस होता, राल्फ बोनर नावाचा, अ‍ॅगाथाने मंतरून पाठवलेला. दुसरं विश्व नाही, दार नाही, एक्स-मेन नाहीत.

म्हणजे खरोखरच नट बदलला होता, एवढंच.

ओळखीच्यांनी महिनाभर दोघांना ‘एक्स-मेन आले’ म्हणून हाका मारल्या. चूक ठरल्याचं मला फारसं काही वाटत नाही. मालिकेच्या कर्त्यांनी इव्हान पीटर्सला घेतलं तेच मुळी लोकांनी असं ओरडावं म्हणून. भाग संपता संपता त्यांनी डार्सी या पात्राच्या तोंडी, वांडाने भावासाठी नवा नट घेतला की काय, अशा अर्थाचं वाक्यही घातलं होतं. म्हणजे खरं उत्तर विनोद म्हणून समोर ठेवून दिलं होतं. काकूंनी ते मराठी मालिकांच्या अनुभवावरून ओळखलं. आम्हाला ते ऐकू आलं नाही, कारण आम्हाला सिनेमे फार माहीत होते.

टोचतं ते वेगळंच. घंटा वाजली तेव्हा वांडा स्पष्ट म्हणाली होती की ही मी वाजवलेली नाही. मग वाजवली कुणी? नंतर उघड झालेली सगळी भानगड त्या वाक्यात होती. कच्च्या चित्रणात भांडुपकर त्या वाक्यावर मान डोलावतानाही दिसतो. पण दार उघडल्यावर जो ओरडा झाला त्याखाली ते वाक्य पुसलं गेलं आणि शेवटच्या पंधरा मिनिटांच्या गप्पांत त्याचा उल्लेखही नाही. हेवर्डच्या चित्रणाचंही तेच. आम्ही ‘हेवर्ड म्हणतो की’ असं म्हणायला हवं होतं. ‘दिसलं’ म्हणालो. दिसलं होतं ते एका अधिकाऱ्याने निवडून दाखवलेलं चित्रण.

व्हिडिओ काढून टाकायचा का, यावर मार्चमध्ये पुन्हा बोलणं झालं. ठेवला. शीर्षकही बदललं नाही. आठवड्याने दोघांनी पाचवा भाग पुन्हा बघत दुसरा व्हिडिओ केला आणि आपण कुठे काय हुकलो ते सांगितलं. तो पहिल्यापेक्षा चांगला झाला आहे, आणि कमी लोकांनी पाहिला.

त्याच सुमारास मी काकूंचा तुकडा काढून नायगावकराला पाठवला. तुझ्याकडे असू दे, म्हणून. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग फोन आला. म्हणाला, मामा गेल्यापासून आई त्याच्याबद्दल घरात एक शब्द बोलली नव्हती. त्या दुपारी पहिल्यांदा बोलली, ती पण कॅमेऱ्यासमोर आणि माझ्या पाठीमागे. “मी ओरडत होतो रे तेव्हा.” त्याला ते रात्री अकराला अनोळखी माणसांनी बघायला नको होतं, कारण त्याने स्वतः अजून ते नीट ऐकलं नव्हतं.

त्याने काकूंना तुकडा दाखवला. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा रागावतील. त्यांनी तो दोनदा बघितला. मेथी किती निवडायची राहिली होती ते बघून म्हणाल्या, तरीच त्या दिवशी भाजी उशिरा झाली. मग म्हणाल्या, “हे माझ्या वहिनीला पाठव. बाकी कुणाला नको.”

पाठवला. वहिनींचं उत्तर काय आलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

निर्णयाच्या जागा, आता मागे वळून

काकूंचा तुकडा कापला हे बरोबर झालं, पण ते नशिबाने. माझं कारण होतं लय. समजा ती बारा सेकंदांची शांतता मला सुंदर वाटली असती, तर मी ती ठेवली असती. आणि हल्ली असे तुकडे बघतो तेव्हा वाटतं, कुणीतरी नक्की ती ठेवली असती, वर हळुवार संगीत चढवून. काय चांगलं दिसतं हा माझा प्रश्न होता. कुणाचं आहे, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. एका खोलीच्या घरात कॅमेरा लावला की घरातल्या सगळ्यांना रेकॉर्ड करतो आहोत हे टाळीच्या आधीच बोलून घ्यायला हवं. ‘काकू, तुम्ही दिसताय, चालेल ना, नको असेल ते नंतर काढू’ याला दहा सेकंद लागतात.

भांडुपकराचं कारण मात्र सरळ चुकीचं होतं, आणि तो ते मान्य करतो. ‘नट बदलला’ हे अडाणी वाक्य नव्हतं. पडद्यावर त्या क्षणी जे होतं त्याचं ते सगळ्यात नेमकं वर्णन होतं. काकूंच्या परवानगीने निदान तेवढं वाक्य ठेवता आलं असतं, पुढचं वगळून. दीड मिनिट म्हणजे एकच तुकडा असं आम्ही धरून चाललो. त्यात कापायच्या दोन जागा होत्या.

थांबायचं की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. मी रविवारच्या बाजूचा, आता खऱ्या कारणाने. भांडुपकर म्हणतो, रविवारी केलेली प्रतिक्रिया ही प्रतिक्रिया नसतेच, ते परीक्षण झालं, आणि परीक्षणं लिहायला दुसरी माणसं आहेत. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मधल्या भागाची मजाच अशी की उत्तर कुणाकडे नसतं, आणि आठवडाभर चुकत राहायला मिळतं. सगळा हंगाम एका रात्रीत बघणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून तडजोड अशी निघाली की, ओरडा त्याच रात्री जाऊ द्यायचा, पण शेवटच्या गप्पांच्या आधी दहा मिनिटं दोघांनी न बोलता कागदावर दोन रकाने भरायचे. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. कुणी सांगितलेलं, दाखवलेलं, ऐकवलेलं सगळं उजवीकडे. शीर्षक फक्त डावीकडून घ्यायचं.

ही पद्धत पहिल्यांदा कसाला लागली ९ एप्रिलला, ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’च्या चौथ्या भागाला. सहापैकी चौथा, म्हणजे पुन्हा मधलाच. त्यात नवा कॅप्टन अमेरिका, जॉन वॉकर, भर चौकात ढालीने एका माणसाला ठार मारतो आणि भोवतालची माणसं मोबाइलवर ते टिपत राहतात. उजवा रकाना दोघांचाही पानभर होता. डावीकडे भांडुपकराने एकच ओळ लिहिली होती: ‘ढालीवर रक्त.’ शीर्षक तेच गेलं. काकूंना टाळीच्या आधी विचारलं होतं. त्यांनी खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली आणि आतल्या दोघांना बजावलं की आज भिंतीवर थाप आली तर मी उत्तर देणार नाही.

त्याच रात्री आठपासून शनिवार-रविवारची टाळेबंदी लागली. २२ एप्रिलपासून लोकल पुन्हा अत्यावश्यक सेवेतल्यांपुरतीच राहिली, आणि २३ तारखेचा शेवटचा भाग दोघांनी पुन्हा आपापल्या घरून, फोनवर बोलत पाहिला. रेकॉर्डिंगमध्ये भांडुपकराचं हसू पुन्हा दोन सेकंद उशिरा येतं. मध्येच काकूंचा आवाज आहे, “त्याला विचार जेवला का,” आणि तो मी ठेवला आहे, त्यांना विचारून.